पांढऱ्या केसांचा दर

आमच्या सलूनच्या भिंतीवर दरपत्रक नाही. आरसे आहेत, गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे, पण केस कापायचे किती पडतात ते कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणार काय कपाळ! आमच्या ह्यांना ते माणूस बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. चपलेची टाच किती झिजलीय, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलीय का, हे बघतात आणि दर ठरवतात. नोकरीवाल्याला शंभर, नोकरी गेलेल्याला पन्नास. "धर्मशाळा उघडलीय का?" म्हणून मी कितीदा तरी भांडले. तर म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आपले टॉवेल वाळत घाल."

टॉवेल मीच धुते. सलूनच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत आणि जिन्याच्या कठड्यावर टॉवेल वाळतात, त्यामुळे खाली काय चाललंय ते मला दिसतंही आणि ऐकूही येतं.

गल्लीत समोरच घड्याळजींचं दुकान. मुलगा परगावी, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आणि घड्याळं दुरुस्त करून घेणारे आता उरलेत किती? पण माणूस नाकावर माशी बसू देणार नाही. आमच्याकडे चहा घेतला, तर दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाला तेल घालून जातील. ह्यांचा जुना दोस्त, केस कायम ह्यांच्याकडेच कापणार. डोक्यावर पांढरंशुभ्र रान. अशा माणसाला कमी दर सांगायचा कसा? ह्यांनी थाप मारली, "पांढऱ्या केसांना चाळीसच. मऊ असतात, कात्री झिजत नाही."

आणि आयुष्यभर हत्यारं जपणाऱ्या त्या माणसाला ते चक्क पटलं! मलाच समजावून सांगितलं, "बरोबर आहे वहिनी, धार टिकते."

क्यूआर कोड घ्या म्हणून मागे लागले तेही घड्याळजीच. "ह्या फोननं माझा धंदा खाल्ला, आता निदान माझा खिसा तरी सांभाळू दे त्याला," असं म्हणून हसायचे. मग आमच्या लेकीनं कोडची पाटी आणून आरशाला चिकटवली आणि पैसे आले की बोलणारा तो डबा फळीवर ठेवला. ह्यांचा एक कान अधू, हात साबणानं भरलेले, म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला. दुपारच्या निवांत वेळी घड्याळजींनी पहिलं स्कॅन केलं. "चाळीस जमा!" डबा ओरडला, आणि दोघं म्हातारे पोरांसारखे खिदळले. झाकलेली मूठ आता तो डबा उघडणार, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं!

घड्याळजी एरवी दुपारीच यायचे. एका रविवारी मुलगा येणार होता, म्हणून सकाळी आले. ऐन गर्दीत. त्यांच्या आधी विमा एजंट खुर्चीतून उठला. त्याचेही केस पिकलेले, पण गाडी, अंगठ्या, सगळं झकास. "शंभर जमा!" मग घड्याळजींचे केस झाले. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरून स्कॅन केलं. "चाळीस जमा!"

त्या एजंटच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. आरशात भांग पाडत होता, तिथूनच ओरडला, "हे काय हो? त्यांना चाळीस आणि मला शंभर?"

घड्याळजींनीच हसून सांगितलं, "पांढऱ्या केसांना चाळीसच असतात."

"अहो, मग माझे काय हिरवे आहेत?"

सगळे हसले. घड्याळजींनी एजंटचं डोकं बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून कात्री पुसत बसले. घड्याळजी पुन्हा पाटीपाशी गेले. "साठ जमा!" आणि पायरी उतरून निघून गेले. मला वर जिन्यात रडू आलं, हो, का खोटं बोलू?

त्यानंतर ते आलेच नाहीत. हे दोनदा जाऊन आले, तर "सध्या केस वाढवतोय" म्हणाले. ह्यांचं जेवण तुटलं. पुढ्यातली भाजी चिवडत बसायचे आणि म्हणायचे, "एवढा एक दोस्त होता गं मला." मी म्हटलं, "भीक नको पण कुत्रा आवर! बंद करा तो डबा." तर म्हणाले, "आता बंद केला तर कुणासाठी केला ते त्यांना कळेल. मेल्याहून मेल्यासारखं होईल बिचाऱ्यांना." तेही खरंच होतं.

एजंटला मात्र मी जिन्याखाली गाठून चांगली हजेरी घेतली. घड्याळजींचं सगळं सांगितलं. बोलून बोलून पोट भरणारा माणूस, पण गप्प उभा राहून ऐकून घेतलं त्यानं.

पुढच्या खेपेला केस कापून तो उठला आणि डबा ओरडला, "त्र्याहत्तर जमा!" हे चमकले. एजंट म्हणाला, "उरलेले पुढच्या वेळी." पुढच्या वेळी एकशे सत्तावीस. त्यानं आणखी दोघातिघांच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, पण मग जो तो मनाला येईल तो आकडा टाकायला लागला. कधी अठ्ठावन्न, कधी एकशे बेचाळीस. महिन्याअखेरी गोळाबेरीज तेवढीच भरायची, पण आमचा दर काय ते आता देवालाही सांगता आलं नसतं. आणि डब्याचा आवाज असा की सगळ्या गल्लीला डांगोरा.

एका रविवारी घड्याळजी पायरी चढून आले. केस पार मानेवर, डोळ्याला भिंग, हातात पेचकस. रागानंच म्हणाले, "यंत्र बिघडलंय तुमचं. एक आकडा धड सांगत नाही. समोर बसून डोकं उठलं माझं. द्या इकडे."

ह्यांनी मुकाट्यानं डबा दिला. घड्याळजींनी तो कानाला लावला, हलवून बघितला. तेवढ्यात एकानं पैसे भरले. "पंच्याऐंशी जमा!" दुसऱ्यानं भरले. "एकशे पंधरा जमा!" घड्याळजींनी भिंग काढलं आणि एकेकाकडे बघितलं. एजंट पंख्याकडे बघत होता, जन्मात पंखा पाहिला नसावा असा. बाकीचे वर्तमानपत्रात तोंड खुपसून.

"यंत्र ठीक आहे," घड्याळजी हळूच म्हणाले. पेचकस खिशात ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसले.

ह्यांनी कापड असं झटकलं की वरपर्यंत आवाज आला. कात्री चालू झाली. मी ओला टॉवेल हातात धरून जिन्यातच उभी, पाणी पायावर गळतंय याचं भान नाही. घड्याळजी उठले. फोन दोन्ही हातांत धरून पाटीसमोर उभे राहिले.

"एक्केचाळीस जमा!"

कुणी मान वर केली नाही. घड्याळजींनी ह्यांच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं, "एक वाढवलाय. थोडी तरी झिजतच असेल की कात्री."