कुशाबाईच्या नाकावरचा पदर

डिंगोऱ्याच्या कुशाबाईला कशाची किळस येत नाही ते सांगणं सोपं. म्हशीच्या शेणाची. बाकी सगळ्याची येते. हॉटेलातल्या कपाची येते, एसटीच्या दांडीची येते, पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडालेला दिसला तर ती पानावरून उठते. सख्ख्या नणंदेच्या घरी ती वर्षानुवर्षं पाणी प्यायलेली नाही, कारण तिथल्या माठात तिनं एकदा झुरळ पाहिलं. नणंद म्हणते, ती चिंच होती. हा वाद अजून मिटलेला नाही आणि दोघी जिवंत आहेत तोवर मिटू नये अशीच गावाची इच्छा आहे.

पण ह्याच स्वभावावर तिचं घर चालतं. गोठ्यात दोन म्हशी. त्यातली चिंगी नवऱ्याची, म्हणजे गेणूची, फार लाडकी. गेणू माणसांशी बोलत नाही. जे बोलायचं ते चिंगीशी बोलतो, आणि कुशाबाई दाराआडून ऐकून संसार हाकते. धारा गेणूनं काढायच्या, तिथून पुढं दूध कुशाबाईच्या ताब्यात. किटल्या राखेनं घासायच्या, कढत पाण्यानं विसळायच्या, उन्हात पालथ्या घालायच्या, आणि दूध ओतायच्या आधी किटलीत नाक घालून वास घ्यायचा. नासलेल्या दुधाइतकी घाण गोष्ट जगात दुसरी नाही असं तिचं मत. बाजाराच्या गावात मास्तर लोकांची कॉलनी आहे. तिथल्या पिशवीच्या दुधाला नाक मुरडणाऱ्या सगळ्या बायका कुशाबाईच्या गिऱ्हाईक.

बाजाराचं गाव कोणतं ते विचारू नका. गाव कळलं की पोलीस ठाणं कोणतं तेही कळेल, आणि आपल्या सगळ्यांना अजून त्याच रस्त्यानं ये-जा करायची आहे.

हा रतीब ती मोपेडवरून घालायची. पन्नाशीला मोपेड शिकली. शिकताना एकदा उसात घुसली आणि एकदा सरपंचाच्या उकिरड्यात. उसाचं काही नाही, उकिरड्याचं तिनं फार मनाला लावून घेतलं. पारावरची मंडळी ओरडायची, "कुशाबाई, बिरेक हातात हाये, तोंडात न्हाई!" त्यावर ती म्हणायची, "तुज्या तोंडाला बी एक बसवून घे." जुन्नरचा महंमद हनीफ गाड्यांच्या सीटा शिवतो. त्यानं तिला हिरव्या रेक्झिनची सीट शिवून दिली आणि कडेनं पिवळी झालर लावली. "वैनी, वरातीची घोडी वाटली पायजे," म्हणाला. किटल्या अडकवायला दोन्ही अंगांना लोखंडी आकडे जोडले. अशी मोपेड जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके पालथे घातले तरी दुसरी मिळाली नसती. अशी गाडी चोरानं न्यावी ह्यात चोराच्या अकलेची कमाल. ती पोलिसांना दिसू नये ह्यात कोणाची, ते पुढं येईलच.

आता डिंगोऱ्याकडं एक रीत आहे. गाडीची किल्ली गाडीलाच ठेवायची. गाडी कोणाला आडवी आली तर त्यानं बाजूला लावावी, कोणाचं पोरगं तापानं फणफणलं तर त्यानं घेऊन जावी, परत आणून उभी करावी. किल्ली काढून कनवटीला लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. कुशाबाई ही रीत कॉलनीतही पाळायची. त्या दिवशी एक किटली घेऊन ती बिल्डिंगीत गेली. दुसरी, काठोकाठ भरलेली, गाडीला लटकत होती. खाली येते तर जागेवर फक्त ऑइलचा डाग.

तिनं आरडाओरडा केला का? छे! ती त्या डागाशेजारी उकिडवी बसून राहिली. कोणाचं तरी अडलं असेल, नेली असेल, आणून लावील. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गॅलरीतून एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो कुशाबाई, चोरीला गेली ती. पोलिसात जा."

ठाण्याच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला जप्तीच्या गाड्यांचा ढिगारा. त्यामागं एक भिंत. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' अशी पाटी आहे, आणि अख्खा बाजार ती पाटी वाचत वाचत तेच करतो. खाली पानतंबाखूच्या पिंका, वर माश्या. कुशाबाईनं नाकाला पदर लावला, मान उजवीकडं वळवली आणि भिंतीकडं न बघता सरळ आत गेली. त्यानंतर जितक्या वेळा गेली तितक्या वेळा अशीच गेली.

आत हवालदार सयाजीराव मोबाइलवर मालिका बघत होते.

"कुलूप घातलं व्हतं का, मावशी?"

"न्हाई."

"किल्ली?"

"गाडीलाच."

सयाजीरावांनी मालिका थांबवली. एवढी करमणूक त्यांना मोबाइलात मिळत नव्हती. "मग चोरीला गेली कशी म्हणता? तुमीच दिली की!"

"आमच्यात किल्ली काढत न्हाईत, दादा."

"आन् आमच्यात असला गुन्हा लिवत न्हाईत," म्हणून ते स्वतःच इतके हसले की शेजारच्या शिपायालाही नोकरी म्हणून हसावं लागलं. "बिबट्यानं न्हेली असंल बघा. हल्ली लई हुशार झालेत."

कुशाबाईनं सगळं सांगितलं. हिरवी सीट, पिवळी झालर, आकडे, दुधानं भरलेली किटली. सयाजीरावांनी ते एका कोऱ्या कागदावर तिच्याकडूनच अर्ज म्हणून लिहून घेतलं. गुन्हा नोंदवा म्हटल्यावर ते जरा जवळ सरकून, घरातल्या माणसाला समजवावं तसं बोलले, "मावशी, गुन्हा लिवला की तो हुडकावा लागतो. न्हाई घावला तर आमच्या ठाण्याचं नाव खराब. अर्जाचं तसं न्हाई. अर्ज ऱ्हातो पडून." आणि ती उठली तसे म्हणाले, "पुढच्या टायमाला लिटरभर दूध आना. हितला चहा प्यायवत न्हाई वो."

कुशाबाईला त्या ठाण्यातल्या बाकाची किळस आली, टेबलावरच्या कपाची आली, पण सगळ्यात जास्त त्या शेवटच्या वाक्याची आली. घरी येऊन तिनं हातपाय धुतले, चूळ भरली आणि ठरवलं की त्या माणसाला आपल्या चिंगीच्या दुधाचा थेंब द्यायचा नाही.

हा निश्चय टिकला असता. पण मोपेड नाही म्हटल्यावर वडाप जीप धरून दूध पोचवायचं. जीप भरली की निघणार, तोवर मास्तरांची शाळा भरून जायची. एकेक मास्तरीणबाई ओशाळं तोंड करून म्हणायला लागली, "उद्यापासून पिशवी घेतो आम्ही, तुम्हालाच त्रास नको." दूध उरायला लागलं. मग एका सकाळी गोठ्यातून गेणूचा आवाज आला. "चिंगे, तुला आता दुसऱ्याच्या दावणीला जावं लागतंय बघ." कुशाबाई दाराआड उभी होती. तिनं किळस गिळली आणि सयाजीरावांसाठी वेगळी किटली भरली.

मग ठाण्याचा रतीब सुरू झाला. ती दूध द्यायची, ते "तपास चालू हाये" म्हणायचे. तिच्या दुधाचा चहा ते तिच्यासमोर बशीत ओतून फुरके मारत प्यायचे, मिशा चाटायचे, आणि ती खोलीच्या भिंतीकडं बघत राहायची. एकदा टेबलावर उदबत्ती, फरशीवर फिनेल. सयाजीराव म्हणाले, "आवारात घूस मेलीय कुठंतरी. वास मावंना."

"हुडका की मग."

"घूस हुडकायला माणसं कुठं हायेत हितं?"

गाडी हुडकायला आहेत का, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण चिंगी डोळ्यांपुढं उभी राहिली.

आणि मग एक दिवस दोन्ही हातांत किटल्या, उजव्या हातात कॉलनीची, डाव्यात सयाजीरावांची, अशी ती फाटकातून आत शिरली. वारा सुटला होता. नाकावरचा पदर उडाला. हात मोकळा नव्हता. वास थेट डोक्यात गेला, आणि कुशाबाई जागच्या जागी थांबली.

ती घूस नव्हती. ते दूध होतं. जुनं, उन्हात शिजलेलं, कुजलेलं दूध.

इतक्या खेपांत पहिल्यांदा तिनं मान डावीकडं वळवली. मोडक्या टेम्पोच्या मागं पिवळी झालर दिसली. नंबरची पाटी उपटलेली. हिरव्या सीटवर कोणीतरी चुन्याची बोटं पुसलेली. आकड्याला किटली तशीच, झाकण फुगून वर आलेलं, कडेनं काहीतरी पिवळं-हिरवं ओघळून वाळलेलं, त्यावर माश्यांचा गोंधळ चाललेला.

सयाजीराव रुमाल धरून बाहेर आले. "ही व्हय? ही तर बेवारस. ओढ्यात पडली व्हती, कुणाचा तरी फोन आला, दुसऱ्या पाळीवाल्यांनी आणून टाकली. नंबर न्हाई, मग कळणार कसं?"

"कवा आणली?"

"तुमी पयल्यांदा आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी असंल."

"आन् माजा अर्ज? हिरवी सीट, पिवळी झालर?"

"अर्ज टेबलाच्या खणात, गाडी आवारात. दोन्हीची गाठ पडाय नको का, मावशी?"

म्हणजे ती दूध घेऊन येत होती, हे बशीत ओतून पीत होते, आणि गाडी पन्नास पावलांवर कुजत होती. आणि आपण? आपण नाकाला पदर लावून तिच्यावरून जात होतो. कुशाबाईला त्या घटकेला स्वतःचीसुद्धा थोडी किळस आली. डाव्या हातातली किटली तिनं खाली ठेवलीच नाही. सयाजीरावांचं दूध परत डिंगोऱ्याला गेलं आणि चिंगीच्या पारडाला मिळालं.

त्यानंतर मात्र चक्रं अशी फिरली की बघत राहावं. गुन्हा त्याच दिवशी लिहिला गेला आणि त्याच दिवशी उघडकीस आला. तिला हे कोडं उलगडेना. मोपेड बघायला आलेल्या हनीफनं सांगितलं, "वैनी, आधी लिहिला असता तर त्यांच्या गळ्यातलं लोढणं झालं असतं. आता लिहिला की गळ्यातला हार."

हार खरोखरच आणला. मोठ्या साहेबांच्या हस्ते मोपेड परत द्यायचा कार्यक्रम ठरला, त्यामुळं कोर्टाचा कागदसुद्धा धावत आला. सयाजीराव तिला शिकवायला लागले, "तुमी फक्त म्हणायचं, पोलीसदादांमुळं माजी लक्ष्मी घरी आली. गाडी आमी धुऊन ठेवतो."

"हात लावू नका. हाय तशी द्या," कुशाबाई म्हणाली. सयाजीरावांना तो भोळेपणा वाटला. तेवढंच धुणं वाचलं.

आवारात मांडव, मागं 'विश्वास जनतेचा' असा फलक, टेबलावर पांढरा कपडा, नारळ. साहेब कडक इस्त्रीत. मोपेडला झेंडूचा हार. वास मारू नये म्हणून चारी कोपऱ्यांना उदबत्त्या. मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा पप्पू माइक पुढं करून म्हणाला, "मावशी, काय भावना आहेत?"

"भावना मागनं. आदी माल बघून घेते."

"काय बघताय?" साहेबांनी हसून विचारलं.

"सायेब, गाडीसंगं किटली गेली व्हती, दुधानं भरलेली. तुमच्याच कागदात लिवलंय. पंचापुढं उघडून दावा, मग मी सही करते."

पंच म्हणून हनीफ उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे, साहेब. मी तरी कशावर सही करू?"

"उघडा हो हवालदार! त्यात काय एवढं," साहेब कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले. ते ह्या आवारात पहिल्यांदाच आले होते.

सयाजीरावांचा चेहरा उतरला. पण मोबाइल चालू होता. त्यांनी झाकण पिळलं, हलेना. मग काठीनं एक ठोका दिला.

ते झाकण कुठवर उडालं ह्याबद्दल गावात मतभेद आहेत. आत जे होतं ते वळवळत होतं. साहेबांनी रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा टोपीच नाकावर धरली. शिपाई पळाले, नारळ टेबलावरून गडगडत गेला. पप्पू त्या पाटीच्या भिंतीशी जाऊन ओकला, पण धंद्याला जागला, मोबाइल वर धरूनच ओकला. कडक इस्त्रीवर पिवळे शिंतोडे.

कुशाबाई एकटी सरळ उभी होती. पदर कमरेला खोचलेला, नाक उघडं.

"दादा," ती सयाजीरावांना म्हणाली, "माज्या दुधाचा चहा आवडतो न्हवं तुमाला? ह्ये बी माजंच हाये."

किटली तिनं तिथंच सोडली. मोपेड सुरू होईना, हनीफनं ढकलत बाहेर काढली. 'विश्वास जनतेचा' ह्या फलकाखाली नाकं दाबून पळणाऱ्या पोलिसांचा फोटो दोन्ही तालुक्यांत फिरला. चोर कोण होता हे कोणी विचारलं नाही, कुशाबाईनंही नाही. ह्या सगळ्या गोष्टीत, बहुतेक त्या वासालाच भिऊन गाडी टाकून पळालेला तो एकटाच माणूस तिला जरा स्वच्छ वाटत असावा.

चिंगी दावणीलाच आहे. निम्म्या मास्तरीणबाई परत आल्या, निम्म्यांना पिशवीची सवय झाली. सीटचं रेक्झिन हनीफनं बदललं. पण कुशाबाई अजून रोज ती पुसते, आणि पुसलं तरी तिला ती चुन्याची बोटं दिसतात.

परवा भावकीतला संपत घाईघाईनं अंगणात आला. बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. मोपेडवर बसला आणि बघतो तर किल्ली नाही. अशी गोष्ट डिंगोऱ्यात त्यानं जन्मात पाहिली नव्हती. दुखावल्या आवाजात म्हणाला, "काय गं आक्का, आमाला बी चोर केलंस व्हय?"

कुशाबाईनं खाली बघत पदराच्या गाठीतून किल्ली सोडवली.

"तुला न्हाई रं. चोराला बी मी भेत न्हाई," ती म्हणाली. "गाडी गेली तर परत त्या ठाण्यात जावं लागंल, त्याची किळस येती."