मामाचा कौल

मामा सोफे दुरुस्त करतो. फाटलेलं रेक्झिन, बसलेला फोम, सैल पडलेले पट्टे आणि कुरकुरणाऱ्या स्प्रिंगा यांतच त्याचं आयुष्य गेलं. खुर्ची उलटी करून एकदा बघितली की तो सांगतो, "बसणारा माणूस डाव्या कुशीवर रेलतो आणि उठताना उजव्या हातावर जोर देतो." गिऱ्हाईक तोंडात बोट घालतं. "अहो, आमचे सासरे अगदी असेच बसतात!" मामाला त्यात विशेष काही वाटत नाही. वजन पडतं कुठे, ते लाकडाला लपवता येत नाही, एवढंच.

या नजरेनेच त्याला नादी लावलं. तरुणपणी तो एका घरी सोफ्याचं माप घ्यायला गेला होता. तिथे टीव्हीवर पिंजऱ्यातली फाइट लागली होती. जाळीच्या आत दोन माणसं आणि ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकाच वेळी. घरातले लोक "ई, काय रानटी प्रकार" म्हणत होते आणि चॅनल मात्र कोणी बदलत नव्हतं. मामा टेप हातात धरून तसाच उभा राहिला. जाड्याचं सगळं वजन पुढच्या पायावर आहे हे त्याला दिसलं. ते बारक्यालाही दिसलंय, हेही दिसलं. पुढच्याच क्षणी बारक्याने तोच पाय खालून ओढून घेतला. मामा माप न घेताच घरी आला आणि मापाच्या निमित्ताने दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

त्याने स्वतः मात्र आयुष्यात कुणाला साधी चापट मारलेली नाही. त्याची मोठी बहीण, ताई, म्हणते, "हा डास मारायच्या आधीसुद्धा त्याची बाजू ऐकून घेतो."

दर रविवारी सकाळी त्याच्या कारखान्यात मंडळी जमतात. कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसरीकडे फोमच्या लाद्या आणि मध्ये लोकांचे अर्धवट उघडे पडलेले सोफे. दूर कुठेतरी मोठ्या फाइट चालू असतात, आणि इकडे दुसऱ्यांच्या सोफ्यांवर बसून मंडळी त्या बघतात. यात एक दातांचे डॉक्टर आहेत. कुणाला ठोसा बसला की त्याचा कितवा दात हलला हे ते आधी सांगतात. एक गाडी चालवायला शिकवणारा मास्तर आहे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या हातात जीव देऊन बसायचं असल्यामुळे रविवारी त्याला दुसऱ्याचा जीव धोक्यात बघायला बरं वाटतं, असं तोच सांगतो. आणि एक मोबाइल दुरुस्त करणारा. तो फाइटपेक्षा फाइटबद्दलच्या गप्पांवर जास्त जगतो.

इथला एक कायदा आहे, आणि तो मामानेच घातलेला. लढत सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला कौल द्यायचा. कोण जिंकणार, आणि का. यातलं 'का' महत्त्वाचं. "मला आपलं वाटतं" असं म्हणणाऱ्याला कोपऱ्यातल्या उघड्या स्प्रिंगांच्या खुर्चीवर बसावं लागतं, लढत संपेपर्यंत. कौल चुकला तरी चालतो. डॉक्टरांचे तर निम्मे चुकतात. पण मनातला आवडता आणि डोळ्यांना दिसलेलं यांची भेसळ चालत नाही. मामाचा आवडता लढवय्या एकदा उतरणीला लागलेला असताना पिंजऱ्यात उतरला, तेव्हा मामाने डोळ्यांत पाणी आणून त्याच्या विरोधात कौल दिला होता. तेव्हापासून मंडळी त्याला 'पंच' म्हणू लागली. मामाला हे नाव आवडतं. तसं तो कबूल करत नाही, पण कुणी "विचारा पंचांना" म्हटलं की त्याची मान ताठ होते.

ताईची मुलगी याच खोलीत मोठी झाली. ताई दवाखान्यात पाळीवर असली की पोर मामाकडे. फोमच्या लाद्या अंथरून ती कोलांट्या मारायची, त्यांच्यावरच पडायला शिकली. अंगाने लहान, चिवट आणि सदा धावपळीत, म्हणून मामा तिला मुंगी म्हणतो. पुढे मामानेच तिला तालमीत नेऊन सरांच्या ताब्यात दिलं. ताईने तेव्हा महिनाभर अबोला धरला. "स्वतःला जमलं नाही ते माझ्या पोरीच्या गळ्यात मारलंस," एवढं एकच वाक्य ती बोलली, पण ते मामाच्या मनात घर करून राहिलं.

आणि मुंगीची पिंजऱ्यातली पहिली मोठी लढत ठरली. समोरची मुलगी दुसऱ्या तालमीतली. हातापायांनी इतकी लांब की मंडळींनी तिचं नाव लांबडी ठेवलं.

त्याआधीच्या रविवारी टीव्हीवरचं सगळं संपल्यावर मास्तरने विषय काढला.

"चला, आता घरची मॅच. मुंगी की लांबडी? मी म्हणतो मुंगी. कारण ती दमत नाही."

"मुंगी," डॉक्टर म्हणाले. "कारण लांबडी तोंड उघडं ठेवून लढते. एक नीट बसला की संपलं."

मोबाइलवाला म्हणाला, "मुंगी. कारण... आपली आहे ना राव!"

"खुर्ची!" सगळे एकदम ओरडले. तो बिचारा कुरकुरत जाऊन स्प्रिंगांवर बसला.

"आता पंच."

मामा शिलाईचा दोरा गुंडाळत होता. "माझं राहू दे."

"का? भाची आली की कायदा गुंडाळून ठेवायचा होय?" मास्तर म्हणाला. "मग या, बसा खुर्चीवर. मोबाइलवाल्या, ऊठ रे, मालकांना जागा दे!"

सगळे हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण मामाला ते लागलं. इतकी वर्षं जपलेलं पंचपण एका खुर्चीसाठी घालवायचं?

"लांबडी," तो म्हणाला.

मास्तरने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मुंगी उजवी लाथ मारते तेव्हा तिचा उजवा हात झोक्यासाठी खाली जातो. पार कमरेशी. खिशातून रुमाल काढावा तसा. तेवढा वेळ हनुवटी उघडी. लांबडीने काही करायची गरज नाही. लाथेची वाट बघायची. लाथ निघाली की मागे न हटता पुढे घुसायचं आणि डावा हात फिरवायचा. दुसऱ्या राउंडच्या पुढे जाणार नाही."

बोलताना त्याने उठून ते करूनही दाखवलं. हात कसा पडतो, पाय कुठे टेकतो, सगळं. असं खोल आणि बिनचूक तो क्वचितच बोलला असेल. "मानलं बुवा," डॉक्टर म्हणाले, आणि मामाची मान जरा ताठ झाली.

बुधवारी मोबाइलवाला उड्या मारतच कारखान्यात आला.

"मामा, तुम्ही गाजताय! रविवारी तुमचा आवाज रेकॉर्ड केला होता ना, तो टाकला मी आपल्या फॅन लोकांच्या ग्रुपवर. काय विश्लेषण, काय विश्लेषण म्हणतायत लोक. ऐका की."

मामाने ऐकलं. आपलाच आवाज, शांत, ठाम. खाली लोकांचे अंगठे आणि टाळ्या. त्यांच्यामध्ये एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'धन्यवाद मामा, फार मदत झाली.' त्याच्या नावापुढे लांबडीच्या तालमीचं चिन्ह होतं.

"हे कोण?" मामाने विचारलं.

मोबाइलवाल्याने वाचलं. त्याचा चेहरा पडला. "अरे देवा," तो म्हणाला. "मामा, मला खरंच... मी काढून टाकतो लगेच."

"आता काढून काय उपयोग? खाल्लेला घास आहे तो."

त्या दिवशी मामाने एका सोफ्याच्या पाठीचं कव्हर बैठकीला चढवलं आणि बसत का नाही म्हणून बराच वेळ ओढत बसला. मुंगीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लढत होईपर्यंत सरांनी सगळ्या पोरांना ग्रुपपासून लांब राहायला सांगितलं होतं. म्हणजे गप्प बसायची सोय होती. सांगितलं तर ऐन लढतीच्या तोंडावर पोरीचं मन मोडणार. नाही सांगितलं तर ती बेसावध जाणार, आणि लांबडीचा डावा हात नेमका तिथेच येणार जिथे मामाने पत्ता दिलाय.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताईने सगळं ऐकून घेतलं. हातातली भाजी निवडायची तिने थांबवली नाही.

"घडीभर स्प्रिंगा टोचल्या असत्या, तर मेला असतास का रे?"

मामाने खाली पडलेलं भाजीचं एक पान उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"आता माझ्यासमोर बसून काय करतोस? मला ठोसा बसणार आहे का? जा, जिला बसणार आहे तिच्याकडे जा."

तालमीत मुंगी घामाघूम होऊन हातांच्या पट्ट्या सोडत होती. मामाला बघून हसली. "आज इकडे कुठे?"

मामाने सांगितलं. आडपडदा न ठेवता, रविवारपासून बुधवारपर्यंत. खुर्चीचंसुद्धा सांगितलं. ती पट्टी सोडायची थांबली.

"म्हणजे माझा हात पडतो हे तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दिसत होतं."

"आणि ते तू डॉक्टरांना सांगितलंस. मास्तरांना सांगितलंस. मला नाही."

मामाने मान खाली घातली. खरं म्हणजे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं त्याने फक्त टीव्हीच्या काचेपलीकडची माणसं पाहिली. त्यांना काही सांगायची सोयच नसते. दिसलं ते बोलायचं आणि चहा प्यायचा. मुंगीचे व्हिडिओही तो तसेच बघत आला होता.

"आणि कौल?" तिने विचारलं. "लांबडी?"

"मुंगे, ते..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"हो."

तिने पट्टी जमिनीवर टाकली आणि पाणी प्यायला गेली. बराच वेळ परत आली नाही. मामाला वाटलं, आपणही निघावं. पण निघायचं कुठल्या तोंडाने, म्हणून तो बाकावर बसून राहिला. बाकाचं रेक्झिन एका कोपऱ्यात उसवलं होतं. एरवी त्याने लगेच बोट घालून बघितलं असतं.

सर सगळं ऐकत होते. ते बाकावर येऊन बसले.

"खोड जुनी आहे. चार दिवसांत जाणार नाही," ते म्हणाले. "पण समोरची लाथेची वाट बघणार, हे आता आपल्याला पक्कं माहीत झालं. आणि आपल्याला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. बरोबर?"

"बरोबर," मामा म्हणाला.

"मग उठा. ती लाथेला पुढे घुसेल तेव्हा तिचं वजन कुठे असेल, ते हिला दाखवा."

मुंगी परत आली, ती मामाशी न बोलता. त्यानंतरचे दिवस मामा कारखाना लवकर बंद करून तालमीत लांबडी झाला. मुंगी लाथ मारल्यासारखा गुडघा उचलायची, मामा पुढे घुसायचा, ती खाली बसून त्याचे दोन्ही पाय कवेत घ्यायची आणि मामा धाडकन आडवा. पहिल्या दिवशी तिने त्याला जरा जास्तच जोरात आपटलं. मामा कंबर चोळत उठला आणि पुन्हा समोर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला उठवायला तिने हात पुढे केला. "कंबर ठीक आहे ना?" एवढंच विचारलं. त्यावर मामा घरी जाईपर्यंत खूश होता.

लढतीच्या दिवशी हॉल निम्मा भरला होता. डॉक्टर, मास्तर आणि मोबाइलवाला एका रांगेत बसले होते. आज कुणी कौल मागितला नाही. ताईला पाळी बदलून मिळाली नव्हती. मिळाली असती तरी ती आली नसती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा त्यांच्यात बसला नाही. जाळीच्या जवळ, कठड्याला धरून उभा राहिला.

पहिल्या राउंडमध्ये लांबडी वाट बघत राहिली. तिचे डोळे मुंगीच्या उजव्या पायावर खिळले होते. मुंगीने गुडघा उचलला, लांबडी घुसली आणि दुसऱ्या क्षणी ती पाठीवर होती. मास्तरने टाळी वाजवली ती थेट डॉक्टरांच्या मांडीवर. हेच पुन्हा एकदा झालं. राउंड मुंगीचा, याबद्दल शंका नव्हती.

पण समोरच्या कोपऱ्यातही माणसंच होती. दुसऱ्या राउंडला लांबडीने मामाचा सल्ला टाकून दिला. वाट बघणं सोडून तिने आपले लांब हात वापरायला सुरुवात केली. डावा सरळ ठोसा, पुन्हा डावा, पुन्हा डावा. मुंगीला जवळ जाताच येईना. तिचा ओठ फाटला. तिसऱ्या राउंडला दोघींचा दम गेला. लांबडीने तिला जाळीला दाबून धरलं. मुंगीची पाठ मामापासून हाताच्या अंतरावर होती, जाळीचे चौकोन तिच्या खांद्यात रुतलेले. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

मग घंटा झाली. लढतीच्या तिन्ही पंचांनी गुणांचे कागद दिले. तीनपैकी दोन लांबडीच्या बाजूने.

कपडे बदलायच्या खोलीत मुंगी टेबलावर बसली होती. सर बर्फाची पिशवी मामाच्या हातात देऊन पाण्याला गेले. नडगीवर मोठं टेंगूळ आलं होतं. मामाने त्यावर पिशवी धरली. बाहेर पॅसेजमध्ये मंडळींचं सुरू झालं होतं.

"तिसरा मुंगीचाच होता! दाबून धरणं म्हणजे काय मारणं आहे का?" मास्तरचा आवाज.

"अहो, पण पुढे कोण सरकत होतं ते बघा ना," डॉक्टर.

मुंगी ऐकत होती. पहिला तिचा, दुसरा लांबडीचा. सगळं तिसऱ्यावर होतं.

"मामा," ती म्हणाली. "तिसरा कुणाचा होता? खरं सांग. पंच म्हणून सांग."

मामाने पिशवी जरा सरकवली.

"मला नाही माहीत."

"मी हरले म्हणून गोड बोलू नकोस."

"गोड नाही बोलत. मी बघितलाच नाही."

"इथेच तर होतास. माझ्या पाठीशी."

"तिने तुला जाळीला दाबलं ना, तेव्हा डोळे मिटले मी. घंटा झाल्यावर उघडले."

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला हसू आलं आणि तिने तोंडावर हात दाबला.

"हसवू नको रे, ओठ फाटलाय." मग हात काढून म्हणाली, "एवढ्या वर्षांत असं कधी केलंयस?"

"नाही."

दार ढकलून मास्तरने डोकं आत घातलं. "पंच, लवकर निकाल द्या बुवा, डॉक्टर काही ऐकत नाहीत. तिसरा कुणाचा?"

"तुमचं तुम्ही ठरवा," मामा म्हणाला आणि मुंगीकडे वळला. "इथे दुखतंय की खाली?"

"जरा खाली," ती म्हणाली.