धूम्रगडाचं तिकीट

गोरक्ष पालवे पाथर्डी डेपोत कंडक्टर होता. वय चौतिशीचं, आवाज भरदार आणि वाचनाचं वेड असं, की करंजीच्या घाटात गाडी गरम होऊन थांबली की ड्रायव्हर मच्छिंद्र पाण्याचा डबा घेऊन खाली उतरे आणि गोरक्ष चामडी पिशवीतून पुस्तक काढून पायरीवर बसे. सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. त्यातही त्याचा जीव जडला होता तो 'धूम्रगड' या मालिकेवर.

पुण्याहून महिन्याला एक पातळ पुस्तक निघायचं. धूम्रकाल नावाच्या दहा तोंडांच्या मांत्रिकाने राजकन्या शशिप्रभेला आपल्या गडावर कोंडून ठेवलेलं, आणि राजपुत्र रत्नशेखर तिला सोडवायला निघालेला. गडाला अठरा दरवाजे. एका पुस्तकात एक दरवाजा उघडायचा. एकाहत्तर साली अकरावा दरवाजा उघडला, रत्नशेखराने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, आणि प्रकाशकाने दुकान गुंडाळलं. दुसरा पाय बाहेरच राहिला.

गोरक्षाने नगरच्या स्टँडवरच्या पुस्तकवाल्याला चार महिने सतावलं. शेवटी तो पुस्तकवाला गोरक्ष दिसला की शटर ओढायला लागला.

त्याच सुमारास एका दुपारी माळीवाडा स्टँडवर एक बाई गाडीपाशी आल्या. नीटनेटकी सुती साडी, हातात खाकी कागदाचं पुडकं. नाव सुनीती, सावेडीला नवीन बंगल्यांच्या ओळीत राहायच्या आणि शाळेत मराठी शिकवायच्या. मिरजगावला राधाकृष्ण म्हणून कापडाचे दुकानदार आहेत, वडिलांच्या ओळखीचे, त्यांना एवढं द्याल का, असं त्यांनी विचारलं. गाडी मिरजगावला मुक्कामीच जात होती. गोरक्षाने पुडकं घेतलं.

कागद एका कोपऱ्यात फाटला होता. वाळकीच्या पुढे गाडी रिकामी झाली तेव्हा त्या फटीतून त्याला सुबक अक्षरात एकच शब्द दिसला: बारावा.

त्याने पुडकं सोडलं. दुसऱ्याची वस्तू उघडायची नाही हे त्याला कळत होतं, पण हात ऐकेना. दोनशे पानी वहीत सुनीतीबाईंनी बारावा दरवाजा स्वतः लिहिला होता. राधाकृष्ण पत्रांतून सारखे हळहळत होते, म्हणून त्यांच्यासाठी. मिरजगाव आलं तेव्हा गोरक्षाची चाळीस पानं झाली होती. उरलेली त्याने स्टँडच्या बाकावर बसून संपवली आणि मगच दुकानाची पायरी चढला. राधाकृष्णांना त्याने सगळं खरं सांगितलं. ते आधी रागावले, मग त्यांनी हळूच विचारलं, की रत्नशेखराचा दुसरा पाय आत येतो का. येतो, गोरक्ष म्हणाला. राधाकृष्णांनी चहा मागवला.

तिथून ही वही गाडीतूनच फिरायला लागली. मिरजगावहून नगर, नगरहून पाथर्डी, आणि परत. तेरावा दरवाजा आला तोवर तिचे वाचक तीस-पस्तीस घरांत झाले होते. वहीची शेवटची पानं बाईंनी अभिप्रायासाठी कोरी सोडली होती, आणि ती पानं वाचणं हे गोरक्षाला गोष्टीइतकंच आवडायचं. राधाकृष्णांना लढाई हवी असायची. त्यांनी लिहिलं होतं, की युद्ध सहा पानांत आटोपलं, पुढच्या वेळी निदान पंधरा असावीत. पाथर्डीच्या दवाखान्यातली नर्स रतनबाई लिहायची, की लढाईची पानं उलटून टाकली, शशिप्रभेचं पत्र मात्र तीनदा वाचलं. एका हेडमास्तरांनी गोष्टीबद्दल अवाक्षर न काढता लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. गोरक्षाने स्वतः कधी काही लिहिलं नाही. शाळामास्तरांच्या नि दुकानदारांच्या ओळीत आपलं अक्षर कशाला, असं त्याला वाटायचं.

मग बहात्तरचा पाऊस गेला. पाथर्डीकडे तर आधीच्या वर्षीही धड झाला नव्हता. गोरक्षाची बायको लंकाबाई गावाशेजारच्या पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. दिवसभर माती वाहायची, दुपारी सरकारकडून मिळणारी सुकडी खायची आणि दिवस मावळताना घरी यायचं. लंकाबाईला वाचता येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती पाय पसरून भिंतीला टेकायची आणि गोरक्ष तिला वही वाचून दाखवायचा. ती कधी मध्ये बोलायची नाही. तेरावा दरवाजा संपला त्या दिवशी मात्र तिने विचारलं,

"आवं, ह्यांना तान लागत न्हाई का?"

"कुनाला?"

"त्या राजाच्या पोराला. घोड्याला. ती पोरगी तर कवाधरनं वर कोंडलीय. तेरा दरवाजं झालं, पर कुनी घोटभर पानी पेलेलं न्हाई."

गोरक्ष हसला. पण दुसऱ्या दिवशी घाटात गाडी थांबली, मच्छिंद्र डबा घेऊन उतरला, आणि पायरीवर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात तो तहानलेला घोडा उभा राहिला. त्याने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं.

चार दिवसांत त्याची गोष्ट झाली. नाव ठेवलं 'धूम्रगड जलद'. त्यात रत्नशेखर पायी चालत स्टँडवर येतो, कारण घोड्याने चाऱ्यावाचून संप केलेला असतो. कंडक्टर त्याच्या तलवारीचं लगेजचं तिकीट फाडतो. राजपुत्र गर्जना करतो, "हे क्षुद्र मानवा, मार्गातून दूर हो, अन्यथा ही वसुंधरा तुझ्या रुधिराने न्हाऊन निघेल!" कंडक्टर म्हणतो, "रुधिर ऱ्हाऊ द्या, आधी दारातनं आत सरका." पुढच्या थांब्यावर खुद्द धूम्रकाल चढतो. दहा तोंडांची किती तिकिटं, यावर गाडीत दोन तट पडतात. कंडक्टर निकाल देतो, की तिकीट बुडाचं असतं, तोंडाचं नसतं. बूड एक, तिकीट एक. रत्नशेखर घाबरून अदृश्य होण्याची शाल पांघरतो, तर जागा रिकामी समजून एक म्हातारी त्याच्या मांडीवर बसते आणि नगरपर्यंत उठत नाही. आणि गडाच्या पायथ्याशी शशिप्रभा उभी असते, काखेत गाठोडं घेऊन. वाट बघून कंटाळलेली असते. "एक नगर द्या," म्हणते आणि खिडकीशी जाऊन बसते.

गोरक्षाने ती वही निनावीच तेराव्या दरवाजाच्या वहीला दोऱ्याने बांधली आणि गाडीतून सोडून दिली.

महिन्याभरात तिची शिवण सुटली, एवढी ती हातोहात फिरली. रतनबाईने लिहिलं, की पेशंटच्या दंडात सुई होती आणि मला म्हातारी आठवली, फार पंचाईत झाली. हेडमास्तरांनी एकही चूक दुरुस्त केली नव्हती, खाली नुसतं लिहिलं होतं: पुन्हा पाठवावी. राधाकृष्ण मात्र संतापले. ज्या राजपुत्रासाठी आपण दीड वर्ष झुरलो त्याच्या मांडीवर म्हातारी बसवणारा हा इसम कोण आहे त्याला शोधून गाडीतून खाली उतरवा, असं त्यांनी अर्धं पान भरून लिहिलं. गोरक्षाने ते मिरजगावच्या स्टँडवर वाचलं. आपल्याला आपल्याच गाडीतून कसं उतरवणार, या विचाराने त्याला हसू आलं.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. चौदावा दरवाजा येईना. सुनीतीबाई स्टँडवर दिसेनात. महिना गेला, दुसरा गेला. संक्रांतीच्या आधी त्यांच्याकडून राधाकृष्णांना एक कार्ड आलं, की आपलं लेखन हास्यास्पद आहे हे आता पटलं असून यापुढे वही येणार नाही. राधाकृष्णांनी ते कार्ड गोरक्षापुढे धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. कापडाचं दुकान चालवणारा, गिऱ्हाइकाशी तास तास घासाघीस करणारा माणूस एका वहीसाठी रडतो हे गोरक्ष पहिल्यांदाच बघत होता.

घरी त्याने लंकाबाईला सांगितलं. मी कुणाची टिंगल केली नाही, मला ती गोष्ट आवडते म्हणूनच केली, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लंकाबाई म्हणाली, हे मला काय सांगताय, त्या बाईंना जाऊन सांगा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो सावेडीला गेला. गणवेश घातला नव्हता, त्यामुळे दार उघडल्यावर सुनीतीबाईंनी त्याला क्षणभर ओळखलं नाही. त्याने चपला काढल्या, आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि एका दमात सांगून टाकलं, की ती वही आपण लिहिली.

बाईंनी विचारलं, की ते वसुंधरा आणि रुधिराचं वाक्य त्यांच्या बाराव्या दरवाजातलंच ना. गोरक्षाने मान हलवली.

"मी एकटीच इथे बसून वाचत होते," बाई म्हणाल्या. "त्या वाक्याला मी हसले, पालवे. मोठ्याने. म्हणूनच जास्त लागलं."

गोरक्ष म्हणाला, की ते वाक्य त्याला पाठ आहे. बाराव्यातली, तेराव्यातली आणखीही पाठ आहेत. त्याने दोन-तीन म्हणून दाखवली. एक आख्खा परिच्छेद झाला, शशिप्रभेच्या पत्रातला. म्हणताना त्याचा आवाज आपोआप खाली आला आणि स्वयंपाकघरातून बाईंचे यजमान शरच्चंद्र दारात येऊन उभे राहिले. परिच्छेद संपल्यावर ते म्हणाले, की हे तू लिहिलंस हे मला माहीतच नव्हतं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते परत आत गेले.

मग बाईंनी विचारलं, "शशिप्रभा एकटी गाडीत चढते, ते तुम्हाला कसं सुचलं?"

गोरक्षाला या प्रश्नाचं नवल वाटलं. सुचायचं काय त्यात, तो म्हणाला. त्याच्या गाडीत रोज बाया चढतात. कुणी बाळंतिणीकडे चाललेली असते, कुणी कामावर, कुणी नवऱ्याशी भांडून माहेरी. गाठोडं काखेत, पोर कडेवर. कुणी सोडवायला येईल म्हणून गडावर बसून राहिलेली त्याने अजून पाहिली नाही. आणि मग, आलोच आहे तर सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने लंकाबाईचा पाण्याचा प्रश्नही सांगितला.

सुनीतीबाईंनी टेबलावरून चौदाव्या दरवाजाची वही काढली. नऊ पानं लिहून झाली होती. त्यांनी ती परत वाचली, दोन पानांवर सरळ तिरपी रेघ मारली आणि म्हणाल्या, "तुमच्या मंडळींना विचारा, गडावर विहीर कुठे असावी."

चौदाव्या दरवाजात शशिप्रभेला तहान लागली. तिने कोठडीच्या कोपऱ्यातली फरशी उखडली आणि सतरा पानं खणत राहिली. खाली पाणी लागलं आणि पाण्यातून वाट निघाली. लंकाबाईने सांगितलं होतं तसंच सगळं: माती आधी कशी कोरडी निघते, मग मुठीत कसा गोळा धरते, थंड वास कसा येतो. तलावाच्या कामावर दुपारच्या सुट्टीत हजेरी कारकुनाने ती वही मोठ्याने वाचली तेव्हा पाणी लागताच बायकांमधून एकदम आवाज उठला. राधाकृष्णांसाठी त्यात लढाई नव्हती, तरी त्यांनी 'उत्तम' असा शेरा दिला. त्याखाली, जरा लहान अक्षरात, पंधराव्यात लढाई असावी असंही लिहिलं.

त्या वहीपासून एक नवी पद्धत पडली. पुढून उघडली की बाईंचा दरवाजा, आणि उलटी करून मागून उघडली की गोरक्षाची जलद गाडी. काही जण फक्त पुढून वाचायचे, काही फक्त मागून, आणि बरेचसे असे होते की जे मागून वाचतो हे कबूल करत नसत. सोळाव्या दरवाजात बाईंनी धूम्रकालाच्या दहा तोंडांमध्ये आपापसांत भांडण लावलं. ते इतकं जमलं की गोरक्षाने हात टेकले. याच्यावर आता मी काय विनोद करू, बाईंनीच सगळा करून ठेवलाय, असं त्याने मागच्या बाजूला एवढं एकच वाक्य लिहून गाडी डेपोत लावली. उलट एकदा त्याने म्हातारी उतरते तो प्रसंग लिहिला. उतरताना ती अदृश्य राजपुत्राच्या गालावर हात फिरवते आणि कोण असशील तो सुखी राहा म्हणते. रतनबाईने लिहिलं, की मागच्या बाजूला रडवायचं नाही असं ठरलं होतं.

राधाकृष्णांना लेखक कोण ते कळलं तेव्हा त्यांनी गोरक्षाशी आठवडाभर अबोला धरला. आठव्या दिवशी चहा मागवला आणि म्हातारीला एखादं नाव द्या, असं सुचवलं.

अठरावा दरवाजा चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात उघडला. मिरजगावच्या दुकानात दुपारी तागे बाजूला सारून तो वाचायचं ठरलं. सुनीतीबाई नगरहून गोरक्षाच्याच गाडीने आल्या, शेजारी लंकाबाई बसली होती. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या आणि वाटभर बोलत होत्या. गडाबद्दल नव्हे, गुडघेदुखीबद्दल. वाचन तीन तास चाललं. शेवटी लग्न लागलं नाही. शशिप्रभेने राज्य घेतलं आणि रत्नशेखराला सेनापती नेमलं. यावरून दुकानात जो वाद झाला त्यात गिऱ्हाइकंही पडली. पाथर्डीहून आलेली रतनबाई म्हणाली, की हा शेवट तिला अजिबात पसंत नाही, ती दुसरा लिहिणार. आणि तिने तो खरंच लिहिला, लग्नासकट, जेवणाच्या पंगतींसकट.

पुढच्या वर्षी गोरक्षाला बढती मिळाली आणि तो पाथर्डी स्टँडवरच्या कंट्रोल केबिनमध्ये बसायला लागला. समोर मोठं रजिस्टर आणि तोंडापुढे कर्ण्याचा माइक. नगरची गाडी उशिरा असली की तो सांगायचा, "नगर गाडी घाटात दम खात हाय. तिला घाई करू नका, तुमीबी चहा घ्या." लोक हसायचे, पिशव्या खाली ठेवायचे आणि चहाच्या टपरीकडे वळायचे. एकदा वरिष्ठांनी लेखी विचारणा केली, की घोषणा नियमाप्रमाणे का होत नाहीत. गोरक्षाने लेखी उत्तर दिलं, की नियमाप्रमाणे केल्या तर कुणी ऐकत नाही. त्यावर पुन्हा विचारणा आली नाही.