केटूराबाईंचा उंट

आमच्या शेजारच्या केटूरा हॉयट बाई अंडं विकत घेतलं की आधी उजेडासमोर धरायच्या आणि लोण्याच्या गोळ्यात विणायची सुई खुपसून आत काय आहे ते बघायच्या. प्रवचनात पाद्रीबाबांची नजर त्यांच्यावर पडली, तर आज माझ्याकडेच का बघितलं, यावर त्यांचा आठवडा निघायचा.

त्यांना तरी दोष कसा द्यावा? न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला, क्रोटन नदीकाठचं आमचं गावच गुरांच्या व्यापाऱ्यांचं. म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून त्याला तरणा करणारी माणसं दर रविवारी माझ्याच बाकावर बसतात. बाजाराच्या आदल्या दिवशी गुरांना मीठ चाटवायचं आणि सकाळी तट्ट फुगेपर्यंत पाणी पाजून वजनाला उभं करायचं, या विद्येत तर केटूराबाईंचे यजमान झीनस यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अशा माणसाशी संसार केल्यावर बाई भोळी राहील कशी?

त्या घरात एप्रिलमध्ये उंट आला.

झीनस न्यूयॉर्कच्या बंदरावर गुरं विकायला गेले आणि येताना लॉकवुड नावाचा एक माणूस आणि त्याचा उंट घेऊन आले. त्या काळात जहाजांचे कप्तान काकवीच्या पिंपांबरोबर काहीही उतरवायचे. वानरं, बिबटे, एकदा तर अस्वल. शेजारच्या गावात एकाने सिंह गोठ्यात ठेवून पैसे घेऊन लोकांना दाखवला आणि तेवढ्यावर दुमजली घर उठवलं. ते घर झीनसच्या डोळ्यांत खुपत होतं. म्हणून सौदा ठरला, उंटाच्या बदल्यात बैलजोडी. घरात जोडी ती एकच, आणि नांगरणी तोंडावर आलेली.

आमच्याकडे अदलाबदलीची रीत अशी, की जनावर घेणाऱ्याच्या गोठ्यात बांधायचं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याने परत केलं तर देणाऱ्याने हूं का चूं करायचं नाही. सूर्य मावळला की सौदा पक्का.

उंट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी मला कुंपणावरून हाक मारली. मी काय, बोलावलं नसतं तरी गेलोच असतो.

"भाऊजी, ती पाठीवरची गाठ बघा. आत पेंढा भरलाय."

टाके कुठे दिसत नाहीत, असं मी म्हणालो.

"न दिसणारे टाके घालणारा शिंपी शोधला असेल मेल्यांनी."

मग त्यांनी राखेच्या साबणाने उंटाची एक बाजू खसाखसा घासली. अक्रोडाच्या सालीचा रंग लावून गाईलाच उभं केलं असेल, असा त्यांचा अंदाज. रंग काही निघाला नाही. उंटाने मान वळवून बाईंच्या पांढऱ्या टोपीवर मात्र हिरवी पिचकारी टाकली. मी हसलो, तर माझ्यावरही त्यांचा संशय आला.

दुपारी उंट पाण्याच्या हौदापाशी गेला. तोंड घातलं ते हौदाचा तळ दिसेपर्यंत वर काढलंच नाही. बाई बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मीठ चाटवलंय याला. अहो, तुमचीच विद्या तुम्हालाच विकली त्याने. ती गाठ म्हणजे नुसतं पाणी आहे."

झीनस स्वतःच्या पायांकडे बघत होते. मग देऊन टाका परत, असं मी सुचवलं. पण नुसतं परत देऊन बाईंचं समाधान होणार नव्हतं. त्यांना लॉकवुडला रंगेहाथ पकडायचं होतं. त्यांनी गाठीभोवती लाल लोकरीचा धागा घट्ट बांधला. पाणी उतरलं की धागा सैल पडेल, असा हिशेब. मग पायमोजा विणत त्या गोठ्यातच बसल्या. उंट रवंथ करत राहिला. धागा होता तसाच.

सूर्य टेकडीला टेकायला आला तेव्हा लॉकवुड बैल न्यायला आला. बाईंचा चेहरा बघून त्याने टोपी काढली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं मन नसेल तर द्या परत. मी आनंदाने घेऊन जाईन."

बाईंची सुई थांबली. त्यांनी उंटाकडे बघितलं, मग लॉकवुडकडे.

"आनंदाने का?"

"तसं काही नाही, बाई. जनावर चांगलं आहे, दुसरा कुणी घेईल."

"दुसरा कोण?"

लॉकवुडने खांदे उडवले. तेवढं पुरलं. बाई उठल्या, उंटाचा दोर स्वतःच्या हाताला गुंडाळला आणि म्हणाल्या, "बैल घेऊन जा. उंट इथून हलणार नाही."

बैल निघाले तेव्हा झीनसनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि रस्त्याकडे पाठ केली. मला मात्र राहवेना. बंदरापासूनची वाट लांबची, त्या वाटेवर दोन पुरुष कशाकशाबद्दल बोलले असतील? मी झीनसना बाजूला घेऊन सरळ विचारलं, "हे आनंदाने परत घेईन म्हणायला त्याला कुणी शिकवलं?"

झीनसनी पाइप भरायला घेतला.

"तुझ्या वहिनीला कुणी 'ठेवा' म्हणालं असतं तर तिने ठेवला असता का रे?"

त्या वर्षी हॉयटांचं शेत माझ्या बैलांनी नांगरलं. उंट कुंपणापाशी उभा राहून बघत होता, आणि बाई उंटाकडे.