कोटावर नसलेले धागे

कुणीही समोर आलं की मावशी आधी त्याच्या कपड्यांकडे बघायची, मग चेहऱ्याकडे. खांद्यावर धागा, केस, लोकरीचं तूस दिसलं की बोलता बोलता दोन बोटांत धरून उचलायची. भाचीच्या अंगावरून तर रोज सकाळी असा एकदा हात फिरायचाच.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खिडकीशी तिची खुर्ची. कसरीनं खाल्लेले कोट, निखाऱ्यानं जळलेल्या पँटी तिच्याकडे रफूला यायच्या. ज्या कापडाला भोक, त्याच्याच आतल्या दुमडीतून ती धागा काढायची आणि अशी वीण घालायची, की गिऱ्हाइकाला जागा दाखवायची तर मालकाला तिलाच हाक मारावी लागे. काउंटरवर भाची बसायची. आई गेल्यापासून तिला मावशीनंच वाढवलं होतं.

मावशीला शुगर जुनी. दर महिन्याला ती डॉक्टरकडे जायची, तो रिपोर्ट बघून गोळी वाढवायचा आणि गोड खाता ना, म्हणून वर चार शब्द सुनवायचा. पायांची बोटं तपासली, वजन केलं, झालं.

एका हिवाळ्यात मावशी फिकट कापडांवर कुरकुरायला लागली. सगळीकडे काळे धागे राहतात, ब्रश कुणी धड मारत नाही. इस्त्रीवाला पुन्हा ब्रश मारायचा, भाची मारायची, तरी मावशीची बोटं कापडावर टिपतच असायची. धरायला जावं तर धागा सरकतो, म्हणायची. इस्त्रीवाला हसला, "मावशी, तुमच्या धाग्यांना आता पाय फुटले." मावशीही हसली. रफूच्या टेबलावर धागे दिसतात, यात कुणाला काय नवल वाटणार? दुसऱ्या कुठल्या धंद्यात असती, तर हवेत तरंगणारे धागे बघून घाबरली तरी असती.

नजर अंधुक झाल्याचं तिनं डॉक्टरला सांगितलं होतं. वय झालं, चष्मा बदला, एवढंच तो म्हणाला. चष्मा बदलला.

मग एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे काळपट लाल झाकोळ उतरला. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आतला पडदा याआधी कधी तपासला होता? भाचीनं मावशीकडे पाहिलं. कधीच नाही.

बाईंनी सरळ सांगितलं. वाढलेल्या साखरेनं पडद्यातल्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात. वाहिन्या झिरपतात, बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा उपाशी राहतो, मग नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात आणि फुटतात. ते काळे धागे म्हणजे डोळ्याच्या आत सांडलेलं रक्त होतं. डाव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन सुटला होता. उजवा लेसरनं वाचेल, पण बारीक कामाचं आता धरून चालू नका.

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातेवाईक भेटायला आले आणि खाण्यावर ताबा नसेल म्हणून कुजबुजले, तेव्हा तिनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मावशीच्या चहातली साखर सगळ्यांनी मोजली होती. वर्षातून एकदा डोळ्यांच्या आत बघून घे, असं मात्र एकाही शहाण्याला सांगावंसं वाटलं नव्हतं.

लेसर झाल्यावर ती मावशीला घेऊन जुन्या डॉक्टरकडे गेली. गोळ्यांची चिठ्ठी हवी होती, आणि जाब विचारायचा होता. त्यानं रिपोर्ट चाळले आणि मावशीलाच विचारलं, एवढं होईपर्यंत का थांबलात, आधी यायचं नाही का?

"येतच होती ती," भाची म्हणाली. "दर महिन्याला, याच खुर्चीत बसायची."

"डोळा दुखतोय असं कधी बोलल्या नाहीत."

"यात डोळा दुखत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, तिला नव्हतं."

डॉक्टरनं पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. भाची उठेना. बाहेरचा माणूस दारात येऊन अवघडून उभा राहिला. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण मावशीनं तिचा दंड धरला. मग तो हात सवयीनं खांद्यावरून फिरत बाहीवर आला आणि काखेपाशी थांबला. तिथे दोन बोटं आत गेली.

"शिवण उसवलीय तुझी," मावशी म्हणाली. "घरी गेल्यावर काढून दे. आणि सुई तेवढी ओवून ठेव."