प्रुएटच्या झऱ्याचं पाणी

झेला रिडनरच्या ओसरीवर बसल्याशिवाय टॅनर काउंटीत कुणी जमीन घेत नसे.

शहराला विटलेली माणसं अमेरिकेतल्या मिसुरीच्या या डोंगरांत जागा बघायला यायची. घर बांधायला परवाना नको, कर नावापुरता, पाऊस भरपूर, कोंबड्या पाळा नाहीतर उंट पाळा, विचारणारा कुणी नाही. एवढं त्यांना इंटरनेटवर कळलेलं असायचं. बाकीचं कळावं म्हणून दुकानदार त्यांना झेलामावशीकडे पिटाळायचा. ते काउंटीची परीक्षा घ्यायला यायचे आणि मावशी त्यांना शेंगा सोलायला बसवून त्यांचीच घ्यायची.

"कोंबडी कापलीयस कधी?"

"नाही. पण शिकेन की."

"लाकडं फोडलीयस?"

"व्हिडिओ बघितलेत, मावशी."

"मग थंडीत व्हिडिओच घाल चुलीत."

मावशी हसायची, पण आतून पोखरलेली होती. नवरा व्हर्जिल जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओढ्यापलीकडचं प्रुएटचं घर हा तिचा एकुलता एक शेजार, तोही ओस पडलेला. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात बर्फावरून घसरून पडली. टपालवाली आली म्हणून वाचली. तेव्हापासून मुलगा ड्वेन, जो स्प्रिंगफील्डला गोदामात कामाला होता, एकच टुमणं लावून बसला. "आई, थंडी पडायच्या आत प्रुएटच्या घरात माणूस राहायला आला, तर तू इथं. नाहीतर माझ्याकडे. घराला कुलूप."

ती लग्न होऊन याच घरात आली होती. आता तिला शेजारी हवा होता, आणि तोही याच उन्हाळ्यात.

ऑगस्टमध्ये आयझॅक आणि लीना आले. तो सुतार, ती पोटुशी. लीनानं न सांगता पाटी पुढ्यात ओढली आणि शेंगा सोलायला लागली. आयझॅकनं तोवर ओसरीची डुगडुगणारी पायरी ठोकून टाकली. मावशीनं काही विचारलंच नाही. काठी घेतली आणि दोघांना घेऊन ओढा ओलांडला.

प्रुएटच्या घरामागं खडकाच्या पोटातून झरा येतो. भर उन्हाळ्यातही दात कडकडावेत इतका गार. आयझॅक ओंजळ भरून प्यायला. लीनानं तोंडावर पाणी मारलं.

"अहो, बस्स झालं फिरणं. इथंच," ती नवऱ्याला म्हणाली. "बाळाला नळाचं पाणी लागणारसुद्धा नाही."

मावशी जेवायला चला म्हणाली.

हे डोंगर चुनखडीचे, आतून पोकळ. ज्याच्या त्याच्या रानात जमीन खचून झालेला एक खड्डा असतोच. मेलेली गाय, फुटकी बॅटरी, फवारणीचे डबे, सगळं त्यात लोटायचं, अशी आज्यापणज्यापासूनची रीत. "जमीन गिळते," म्हणायचे. गिळते कसली! व्हर्जिलनं एकदा मेलेलं वासरू झेलाच्या जुन्या लाल पडद्यात गुंडाळून आपल्या खड्ड्यात टाकलं होतं. पुढं मोठा पाऊस झाला, आणि त्याच पडद्याची चिंधी झेलानं प्रुएटच्या झऱ्याखालच्या कुंडातून स्वतःच्या हातानं काढली. व्हर्जिलला दाखवली, तर तो म्हणाला, "गप बस." प्रुएटची म्हातारी कायम पोटानं आजारी असायची. का, ते कुणी विचारलं नाही. ज्याला त्याला जमीन विकायची होती, त्यामुळं खड्ड्यांचं नाव पाहुण्यांपुढं काढायचं नाही, एवढी अक्कल सगळ्या काउंटीला होती. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनाही होती.

मावशी घेवडा आणि मक्याची भाकरी वाढत असताना आयझॅक म्हणाला, "मावशी, उद्याच कागद करतो. थंडीत तुमची लाकडं माझ्याकडे लागली."

मावशीनं पळी खाली ठेवली.

"पोरी, त्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नकोस. प्यायचंही नाही ते."

"का? एवढं स्वच्छ आहे."

"दिसतं स्वच्छ. वरच्या खड्ड्यात आम्ही जनावरं टाकली. औषधाचे डबे टाकले. ते सगळं तिथं खाली उतरतं."

"आम्ही म्हणजे कोण?" आयझॅकचा आवाज चढला.

"माझा नवरा. मी. आजूबाजूचे सगळे."

"आणि मी प्यायलो तेव्हा तुम्ही बघत उभ्या होतात?"

लीनानं पोटावर हात ठेवला आणि ताट बाजूला सरकवलं. बोअर मारायचा तर खडक फोडत फार खोल जावं लागलं असतं, आणि तेवढी ऐपत दोघांची नव्हती. ओसरीवरून उतरताना लीना वळली. "तुमचे उपकार झाले, मावशी," एवढंच म्हणाली. आयझॅक गाडीत बसलेला होता.

बातमी दुकानात पोचली.

"म्हातारीला भ्रम झालाय," दुकानदार म्हणाला. "आपल्याच गावाच्या पोटावर पाय देते." त्यानं तिच्याकडे माणसं धाडणं बंद केलं. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

ऑक्टोबरात ड्वेन ट्रक घेऊन आला. "बोअर मारून घ्या, एवढंच म्हणायचं होतंस, आई. कशाला सगळं ओकलीस?"

"तू त्या पोरीचं पोट बघितलं नव्हतंस."

कोंबड्या टपालवालीला दिल्या. घराला कुलूप लागलं.

स्प्रिंगफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर झेलामावशीकडे कुणी जागेचं विचारायला येत नव्हतं. वसंतात टपालवालीनं फोन केला, कोंबड्या बऱ्या आहेत म्हणाली, आणि बोलता बोलता म्हणाली, "प्रुएटचं घर विकलं गेलं हं. दूरचीच माणसं आहेत. दोन चिमुरडी पोरं आहेत."

"झऱ्याचं सांगितलं का गं कुणी त्यांना?"

"मला दुकानदाराशी वैर परवडत नाही, मावशी," टपालवाली म्हणाली.

"ड्वेन, मला तिथं घेऊन चल."

"रविवारी नेतो."

रविवारी ती सकाळपासून कोट घालून दाराशी बसली. ड्वेनला जादा पाळी लागली होती. पुढच्या रविवारी ट्रक बिघडला. त्याच्या पुढच्या रविवारी तिला उठवेना. ड्वेननं चादर ओढून दिली आणि म्हणाला, "आई, त्यांचं ते बघतील."

"कसे बघतील?" ती म्हणाली. "पाणी स्वच्छ दिसतंय."