महिपतच्या खोपीतली थापथाप

महिपतनं शेतातल्या खोपीत बाई ठेवली, ही बातमी बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर फिरली. खोटं कशाला बोलू, फिरवणाऱ्यांत मीही होतो. पुरावा कानाचा. दुपारी वेचणीच्या बाया बांधावर टेकल्या, की धुकट उन्हातून, फुटलेल्या कापसावरून तरंगत एक आवाज यायचा. थप, थप, थप. ज्वारीची भाकर. आमच्या बाया नुसत्या थापण्यावरून घर ओळखतात. हा हात कुणालाच ओळखू येईना.

"बांगड्या वाजत नाहीत," महिपतची शेजारीण जयवंताबाई म्हणाली. "म्हंजे विधवा हाय."

"हात जड हाय," मी भर घातली. "म्हंजे खात्यापित्या घरची."

झालं! दोन दिवसांत आम्ही त्या बाईला वय दिलं, भैंसा गावचं माहेर दिलं, गोरा रंगही देऊन टाकला.

महिपत साठीचा, बैलाइतकाच बोलका. चाळीस वर्षं ताटावर बसून "वाढ" एवढंच म्हणालेला. त्याच्या रेणुकाबाईची जीभ गावात सगळ्यांत तिखट अन् भाकर सगळ्यांत पातळ. पावसाळा सरता सरता तिला ताप आला. ताप गेला, जाताना तोंडाची चव घेऊन गेला. लेक-सून हैदराबादला. जयवंताबाई डबा द्यायची, ही दोन घास चिवडून ताट सारायची. महिनाभरात खाटेवर बाई कमी अन् गोधडी जास्त दिसायला लागली. डॉक्टर म्हणाला, "औषध झालं. आता पोटात अन्न गेलं तरच उठेल." दुपारी महिपत शेताशेजारच्या भगवानरावच्या घरचा म्हणून एक डबा आणायचा, त्यातली आंबील तेवढी वाटीभर जायची.

तर ही बातमी जयवंताबाईनं रेणुकाबाईच्या उशाशी नेऊन ठेवली. दुखणाईत बाईला सांगू नये म्हणतात. पण पोटात ठेवली तर जयवंताबाईलाच दुखणं लागलं असतं.

रेणुकाबाई उठली. महिन्याभरात पहिल्यांदा! काठी घेतली अन् निघाली. वेचणाऱ्या बाया अजून सांगतात, पाय भुईला लागतच नव्हते तिचे. पांढऱ्या ढगातून लाल लुगडं आपलं आपण वाहत चाललं होतं. वारा नाही, पाखरू नाही. सगळं शेत पेंगलेलं, अन् पुढून तीच थप, थप.

खोपीत निळा धूर. नांगराची जुनी तबकडी घासून केलेला तवा तीन दगडांवर. बैलबंडीच्या फळीवर भुवयांपर्यंत पिठानं माखलेला महिपत थापत बसलेला. भाकर म्हणावी तर तिला चार कोपरे होते.

"ती कुटं हाय?"

"कोण?"

"थापणारी."

महिपतनं पिठाचे दोन्ही हात पुढं केले.

रेणुकाबाई मटकन खाली बसली. "हे काय करून राह्यले तुमी?"

मग चाळीस वर्षांचं साचलेलं तो एकदम बोलला. "मोबाईलवर शिकवतात बाया, पण इथं रेंज नाही. मंग अंदाजानं चालवलं. पीठ पातळ झालं की ताक घालून आंबील. घट्ट झालं की तुरीचे हिरवे दाणे टाकून उकडतो. करपलं त मी खातो. भाकर तेवढी रोज फाटते."

"अन् भगवानरावच्या घरचा डबा?"

"हाच."

"गार पाण्यात मळता काय? फाटनार नाही त काय होईल! आधनाचं पाणी घ्या." बोलता बोलता तिनं तव्यावरल्या भाकरीचा कोपरा मोडला, फुंकला, तोंडात टाकला. चावता चावता थांबली.

"मीठ नाही हिच्यात."

महिपत तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कळलं?"

तिनं दुसरा कोपरा मोडला, मग तिसरा. भाकर संपली तेव्हा म्हणाली, "काऊन बसले? आणखी एक टाका."

आता खरं काय ते. खोपीत बाई नव्हती. आमच्याकडे नवरा चुलीपाशी बसला की बायको जगायची आशा सुटली असं समजतात. रेणुकाबाईनं तसं समजू नये, म्हणून महिपत शेतात रांधत होता.